शिवजन्मतिथीचा वाद: पुरेशी माहिती आणि खरी माहिती

स्पर्धा परीक्षेतल्या ‘डेटा सफिशिअन्सी’च्या प्रश्नात तारीख काढायची नसते, दिलेल्या विधानांवरून एकच तारीख ठरते का, एवढेच सांगायचे असते. दोन्ही विधाने स्वतंत्रपणे पुरेशी असतील, तर दोहोंचे उत्तरही एकच निघते, कारण तिथे प्रत्येक विधान खरेच मानलेले असते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात नेमका हा आधार नव्हता. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात जन्मवर्ष १६२७ आहे आणि उत्तरकालीन बखरींचा कौलही शके १५४९ च्या वैशाखाकडे होता. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. शक, मास, पक्ष आणि तिथी मिळाली की दिवस ठरतोच. म्हणजे दोन्ही बाजूंकडे पुरेशी माहिती होती, तरी उत्तरांत जवळपास तीन वर्षांचे अंतर होते.

अशा वेळी निवाडा होतो तो परीक्षेत अनावश्यक ठरणाऱ्या माहितीवर. दिवस ठरवायला वाराची गरज नाही, पण नोंद पारखायला आहे. शके १५५१ ची ती तृतीया जुलियन गणनेने १९ फेब्रुवारी १६३० ला येते आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. असा मेळ योगायोगाने बसण्याची शक्यता सातात एक. नक्षत्राची साक्ष मात्र तितकी स्वतंत्र नाही, कारण फाल्गुन वद्य तृतीयेला चंद्र एरवीही हस्त, चित्रा यांच्याच आसपास असतो. यावर रास्त आक्षेप असा, की वार मागाहून गणित करूनही लिहिता येतो. म्हणूनच शकावलीबाहेरचा पुरावा मोलाचा ठरतो. महाराजांच्या हयातीत रचलेले आणि स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ तीच तिथी देते. राजस्थानात सापडलेली जन्मकुंडलीही तिलाच दुजोरा देते. या तिघांचे मूळ एकच असेल, असे कोणी म्हणेल. तसे मानले तरी ते मूळ महाराजांच्या काळाजवळचे ठरते. बखरी त्या काळापासून दूर आहेत.

राज्य सरकारने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. जयंती तिथीने की तारखेने, हा प्रश्न त्यानंतरही उरला, पण तो उत्सवाचा आहे. जन्म कोणत्या दिवशी झाला याबद्दल तिथी आणि तारीख एकच गोष्ट सांगतात. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० होतो, म्हणून तारखेसोबत गणनापद्धतीही सांगायला हवी. जवळपास शतकभराच्या या शोधाने कालनिर्णयाची एक कसोटी पक्की केली: उत्तर निघाले म्हणून माहिती विश्वसनीय ठरत नाही. जी नोंद तपासता येईल असा जादा तपशील देते आणि त्या तपासात टिकते, तिच्यावरच इतिहास उभा करावा.