घरफोडी कशास म्हणावे?



घरातून काही गेलं की आपण ठाण्यात जाऊन एवढंच सांगतो, "साहेब, चोरी झाली." कुलूप होतं का, माणूस कुठून शिरला, रात्र होती की दिवस, हे विचारल्याखेरीज कुणी सांगत नाही. खरी गोम तिथंच आहे. नुसती चोरी निराळी आणि घरफोडी निराळी.

घरफोडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं भिंतीचं भगदाड नाहीतर पहारीनं उचकटलेला कोयंडा येतो. कायद्यातला अर्थ पुष्कळ मोठा आहे. १८६० च्या दंडसंहितेत तो कलम ४४५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये आहे. गुन्हा करण्याच्या इराद्याने कोणी भिंत चढून, कौलं काढून, खिडकीतून, कुलूप उघडून किंवा राखणदाराला दम देऊन आत शिरला, तर ती घरफोडी. तुमची हरवलेली किल्ली त्याला सापडली आणि तिनंच दार उघडून तो आला, तरीही घरफोडीच. हे उदाहरण जुन्या संहितेपासून कायद्यातच दिलेले आहे. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी पुरे. उलट, दार सताड उघडं टाकून आपण मळ्यात गेलो आणि कोणी सरळ चालत येऊन भांडी उचलली, तर ती घरातली चोरी, घरफोडी नव्हे.

घर म्हणजे राहतं घरच असंही नाही. राहण्याचा तंबू, देऊळ, माल ठेवण्याची इमारत हे सारं त्यात येतं. म्हणजे सोसायटीचं खताचं गोदाम आलं, विहिरीवरची बांधलेली मोटारीची खोली आली. तोडणीला आलेल्या मजुरांची गावाकडची घरं हंगामभर कुलूपबंद असतात, तीही आली. उघड्या विहिरीवरून मोटार नेली तर मात्र साधी चोरी.

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. चोरीसाठी घरफोडी केली तर दहा वर्षांपर्यंत, आणि तीच सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केली तर चौदा वर्षांपर्यंत. म्हणून वेळ नीट सांगावी.

आता विम्याचं बघा. गोदामाचा घरफोडीचा विमा काढला म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पॉलिसीत बहुधा 'बळाचा वापर करून' असे शब्द असतात. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पॉलिसीत तसे लिहिले असेल तर बळ न वापरता झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही. फौजदारी कायद्यातला अर्थ तिथं चालत नाही, पॉलिसीतलाच चालतो. म्हणजे किल्लीनं गोदाम उघडून पोती नेली, तर ठाण्यात ती घरफोडी आणि विम्याच्या कागदावर काहीच नाही! हप्ते भरणाऱ्याला हे आधी कोण सांगतो?

तेव्हा पंचनाम्याआधी तुटलेलं कुलूप फेकू नका, कोयंडा ठोकून सरळ करू नका. कुलूप, कडी, खिडकी कोणत्या स्थितीत होती ते फिर्यादीत लिहून घ्यायला लावा. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची नक्कल फुकट मिळते. गोदामाची पॉलिसी इंग्रजीत असेल, तर सचिवांकडून तिचा अर्थ येत्या सभेत वाचून घ्यावा, आणि किल्ल्या किती व कोणाकोणाकडे आहेत तेही तेव्हाच विचारावे.