नाव, द्रव्य आणि अभिन्नता: ‘शनेल क्रमांक पाच’ या सुगंधाविषयी

वस्तू बदलत जाते, नाव तेच राहते, आणि नाव तेच असल्यामुळे वस्तूही तीच आहे असे मानले जाते, हा भाषाव्यवहारातील नित्याचा अनुभव होय. नदी, नगर, घराणे यांविषयी बोलताना त्यातील विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही. सुगंधद्रव्याची गोष्ट निराळी. गंध हेच त्याचे सर्वस्व. तो बदलला तर शिल्लक काय राहिले, असा प्रश्न लगेच उभा राहतो. शंभर वर्षांहून अधिक काळ मागणी टिकवून असलेल्या ‘शनेल क्रमांक पाच’ या फ्रेंच सुगंधाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करता येतो.

हा सुगंध १९२१ साली विक्रीस आला. तो सिद्ध करणारे एर्नेस्ट बो हे मॉस्कोत जन्मलेले आणि राज्यक्रांतीनंतर रशिया सोडून फ्रान्समध्ये आलेले सुगंधकार. त्यांनी गाब्रिएल शनेल यांच्यापुढे एक ते पाच आणि वीस ते चोवीस अशा अंकांचे नमुने ठेवले. त्यांतील पाचवा शनेल यांनी निवडला आणि नमुन्याचा अंक हेच त्याचे नाव कायम केले.

या नामकरणाचे वेगळेपण कळण्यासाठी त्या काळची रीत पाहावी. ऊबिगाँ यांच्या १९१२ मधील सुगंधाचे नाव ‘केल्क फ्लर’, म्हणजे ‘काही फुले’. गेर्लँ यांच्या सुगंधाला १९२५ मध्ये प्रसिद्धी मिळाली ती ‘शालिमार’ या नावाने. शालिमार उद्यान शाहजहानने मुमताजसाठी रचले, ही कथा त्या नावासोबत आजही सांगितली जाते. वस्तुतः लाहोरच्या उद्यानाचे काम १६४१ मध्ये सुरू झाले, आणि मुमताज महल तर १६३१ मध्येच निवर्तली होती. काश्मीरचे उद्यान जहांगीराच्या कारकिर्दीतले. अर्थात अशा नावांना इतिहासाशी कर्तव्य नसते. पूर्वेकडचे एखादे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले की त्यांचे काम झाले. आपल्याकडील अत्तरे बहुधा द्रव्यावरूनच ओळखली जातात: वाळ्याचे, केवड्याचे, गुलाबाचे. असे नाव वस्तूला अर्थ देते, परंतु तिला बांधूनही ठेवते. केवड्याच्या अत्तराला केवड्याचा वास आलाच पाहिजे. ‘पाच’ या अंकाने मात्र कोणतेच वचन दिलेले नाही. त्यामुळे वचनभंगाचा दोषही त्याला लावता येत नाही.

मूळ मिश्रणही या नावाला साजेसेच होते. ग्रास परिसरातील जास्मिन (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही आपली चमेलीच), तेथील मे महिन्यातला गुलाब आणि इलांग-इलांग ही फुले त्यात आहेत. परंतु त्यांच्या जोडीला ॲल्डिहाइड वर्गातील कृत्रिम द्रव्ये आहेत. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा, इस्त्री केलेल्या कापडाचा, संत्र्याच्या सालीचा भास या द्रव्यांतून होतो. त्यांच्यामुळे फुलांना झळाळी येते, पण कोणतेही एक फूल वेगळे ओळखू येत नाही. ही द्रव्ये बो यांनी प्रथम वापरली असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. ‘केल्क फ्लर’मध्येही ती होती. सहायकाच्या चुकीने ती अधिक पडली, ही आख्यायिका तर क्रमाने नमुने रचणाऱ्या एका कसबी माणसावर अन्याय करणारी आहे.

मराठीत गंध सांगावयाचा तो बहुधा षष्ठीने: मोगऱ्याचा वास, ओल्या मातीचा वास. कुबट, खमंग, करपट अशी स्वतंत्र विशेषणे थोडीच. प्रस्तुत सुगंधाला अशी सोयीची षष्ठी सापडत नाही. तो कशाचा, तर ‘क्रमांक पाच’चा, एवढेच सांगता येते. जाहिरातीने त्याला लोकप्रिय केले यात शंका नाही. पण जाहिरातीलाही हे रिकामे नाव उपयोगी पडले. रात्री अंगावर काय असते, या प्रश्नाला आपण या सुगंधाचे नाव उत्तरादाखल सांगितले, ही मेरिलिन मन्रो यांची १९५२ मधील हकिकत सर्वश्रुत आहे. कपडे आणि सुगंध या दोहोंना इंग्रजीत एकच क्रियापद चालते, म्हणून ते उत्तर साधले. मराठीत कपडे घालतात आणि अत्तर लावतात. तेथे ती खुमारी नाहीशी होते.

नाव आणि द्रव्य यांच्या संबंधाचा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. ‘सेकंड चान्स’ या स्वस्त सुगंधाच्या विक्रेत्याने शनेलचे नाव घेऊन जाहिरात केली आणि दोहोंतील फरक ओळखून दाखवावा असे आव्हान दिले. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, पेटंट नसलेल्या मालाची नक्कल करणाऱ्यास, नक्कल कशाची हे सांगण्यापुरते मूळ नाव वापरता येते. मात्र त्यात असत्य किंवा दिशाभूल नसावी. पुढे रासायनिक पृथक्करणात दोन्ही मिश्रणे तंतोतंत एक नसल्याचे दिसून आले आणि विक्रेत्याचा दावा टिकला नाही.

हीच कसोटी मूळ मालाला लावली तर काय होईल? १९२१ नंतर त्याच्या घटकांत बदल झालेले आहेत. नायट्रो वर्गातील कृत्रिम कस्तुरीद्रव्ये आरोग्याच्या कारणाने मागे पडली. जवादी मांजराच्या नैसर्गिक स्रावाची जागा १९९८ मध्ये कृत्रिम द्रव्याने घेतली. पृथक्करण केल्यास आजची बाटली १९२१ च्या बाटलीशी तंतोतंत जुळणार नाही. तरीही तिला कोणी नक्कल म्हणत नाही.

येथे सोस्यूर यांचा दृष्टान्त आठवतो. १९१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत जिनीव्हा–पॅरिस एक्स्प्रेसचे उदाहरण आहे. एंजिन, डबे, नोकरवर्ग सारे बदलले तरी गाडी तीच मानली जाते. कारण तिची ओळख सुटण्याची वेळ, मार्ग आणि इतर गाड्यांहून असलेले वेगळेपण यांत असते. याउलट चोरीस गेलेला कपडा जुन्या बाजारात सापडला, तर तो ‘तोच’ ठरतो तो प्रत्यक्ष कापडामुळे. ‘सेकंड चान्स’ला कपड्याची कसोटी लावली गेली, ‘क्रमांक पाच’ला ग्राहक गाडीची लावतात.

तथापि हा दृष्टान्त फार ताणता येणार नाही. गाडीचे डबे कोणाच्या स्मरणात नसतात, गंध असतो. आईच्या कपाटातील बाटलीचा वास ज्याला आठवतो, तो नकळत कपड्याचीच कसोटी लावीत असतो. उत्पादकांनाही याची जाणीव असावी. १९८७ पासून ग्रासजवळच्या पेगोमास येथील फुलशेती त्यांनी कराराने आपल्यासाठी राखली आहे. केवळ नावावर भिस्त असती, तर एवढी महागडी तजवीज करण्याचे कारण नव्हते. द्रव्य बदलावे, पण एका वेळी थोडे, आणि जुन्या माणसाच्या नाकाला न दुखावता, असाच हा व्यवहार दिसतो. उच्चारातील बदल पिढ्यांमागून पिढ्या होत असताना बोलणाऱ्यांना भाषा तीच वाटते, त्याच्याशी याचे साम्य आहे; फरक इतकाच की येथे बदल जाणूनबुजून आणि मोजून केला जातो.

नावाची गती याच्या उलटही होऊ शकते. कोटी यांचा ‘शीप्र’ हा सायप्रस बेटाचे नाव धारण करणारा सुगंध १९१७ चा. मूळ रूपात तो आता बाजारात मिळत नाही. व्हर्साय येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑस्मोथेक’ या गंधसंग्रहात त्याची रचना जपलेली आहे. त्याचे नाव मात्र सामान्यनाम झाले असून सुगंधांच्या एका संपूर्ण वर्गाला सुगंधकार ‘शीप्र’ म्हणतात. ‘क्रमांक पाच’ अजून विशेषनामच आहे. त्याच्या धर्तीवर पुढे जे सुगंध निघाले त्यांच्या वर्गाला व्यवसायात ‘ॲल्डिहाइडयुक्त पुष्पगंध’ असे वर्णनात्मक नाव आहे.