चेंडूपाशीं उभा राहणारा पंच

माझा नातू शिक्षणानिमित्त अमेरिकेंत असतो. मागें सुटींत तो घरीं आला असतां एके दिवशीं पहाटेच तिकडील फुटबॉलचा सामना लावून बसला. नांव फुटबॉल, परंतु चेंडू लांबट, आणि पायापेक्षां हाताचेंच काम अधिक! मला त्यांतलें फारसें कांहीं उमगेना. एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. चेंडू मांडलेला, चढाई करणारा पक्ष सज्ज, आणि पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला एक पंच चेंडूवर राखण करीत उभा. कोणास हात लावूं देईना. “हा मध्येंच कां उभा?” असें मीं विचारलें. नातू म्हणाला, “आजोबा, ह्यांनीं गडी बदलले, आतां समोरच्यांनाहि बदलूं द्यायला नको का?” ह्या उत्तरानें माझें कुतूहल जागें झालें.

ह्या खेळांत प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानांत असतात. चेंडू ज्याच्या हातीं, त्यानें चार डावांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. एकेक डाव थोड्याच सेकंदांचा. मग पुढील डावाची जुळवाजुळव. नॅशनल फुटबॉल लीग ह्या व्यावसायिक संघटनेनें गडी वाटेल तितक्या वेळां बदलण्याची मोकळीक १९५० सालीं कायमची दिली. तेव्हांपासून दर डावास कोणी आंत धांवतो, कोणी बाहेर. ह्या मोकळिकीबरोबर दोन मोह आले : एक कालहरणाचा, दुसरा कपटी घाईचा.

कालहरणास उपाय घड्याळाचा. एक डाव संपल्यापासून ४० सेकंदांत दुसरा सुरू झाला पाहिजे. खेळ कांहीं विशेष कारणानें थांबला असल्यास २५ सेकंदांत. न झाल्यास दंड ५ यार्डांचा. ह्या घड्याळावर नजर ठेवणारा पंच बचावपक्षाच्या पाठीमागें दूर उभा असतो. एकाच क्षणीं घड्याळ आणि चेंडू हीं दोन्हीं पाहणें त्यास शक्य नाहीं. म्हणून तो प्रथम घड्याळावर शून्य पाहतो, आणि मग दृष्टि चेंडूकडे वळवितो. तोंवर चेंडू उचलला गेला असेल तर दंड नाहीं. दृष्टि वळण्यास लागणारा तो निमिषमात्र काळ खेळाडूच्या पदरीं पडतो. प्रेक्षक कधीं कधीं ओरडतात. पण मनुष्याच्या डोळ्याची मर्यादा ओळखून केलेली ही रीत मला शहाणपणाची वाटली.

घाईचें प्रकरण अधिक नाजूक. चढाई करणाऱ्यानें नवे गडी आणावयाचे आणि समोरचा सांवरण्यापूर्वींच चेंडू उचलावयाचा, हें नियमास मान्य नाहीं. म्हणून तो पंच चेंडूपाशीं जाऊन उभा राहतो. बचावपक्षानेंहि मात्र रेंगाळतां कामा नये. वाजवी संधि मिळाली असें दिसलें कीं पंच बाजूस होतो. आणि गंमत ही कीं ह्या अवधींत घड्याळ चालूच असतें! चढाईवाल्यानें गडी उशिरां आणले आणि समोरच्याची बदली पुरी होण्यापूर्वीं वेळ संपली, तर दंड चढाईवाल्यासच. उशीर ज्यानें केला, त्याची झळहि त्यालाच.

नियमांतहि छिद्रें राहतात. ५ फेब्रुवारी २०१२ रोजीं झालेल्या अंतिम सामन्यांत न्यूयॉर्क जायंट्स संघ पुढें होता आणि १७ सेकंद उरले होते. त्या डावांत त्यांचे बचावाचे गडी अकराऐवजीं बारा निघाले. दंड ५ यार्डांचा झाला खरा. परंतु तोंवर ८ सेकंद खर्ची पडले होते, आणि ते प्रतिपक्षास परत मिळाले नाहींत. चूक करणाऱ्यासच चुकीचा लाभ झाला! त्याच वर्षीं नियम सुधारला : बारा गडी मांडणींत उभे असून चेंडू उचलला जाणार असें दिसतांच शिटी वाजवून डाव तेथेंच थांबवावा, म्हणजे वेळ फुकट जात नाहीं.

हें ऐकतां ऐकतां मला माझा एक जुना अपराध आठवला. एका परीक्षेंत मी देखरेखीस होतों. एका मुलास प्रश्नपत्रिका कचेरीच्या गोंधळामुळें पांच मिनिटें उशिरां मिळाली. घंटा होतांच मीं त्याच्या हातांतून उत्तरपत्रिका ओढून घेतली. “गुरुजी, माझीं पांच मिनिटें...” इतकेंच तो म्हणाला. “घंटा म्हणजे घंटा,” असें मीं ठणकावलें, आणि शिस्त राखल्याच्या समाधानांत घरीं गेलों. उशीर आमचा होता. दंड त्यानें भरला. घड्याळ पाहणें मला येत होतें. उशीर कोणाचा, हें पाहण्याचें मला सुचलें नाहीं.

घरांतहि आपण मुलांवर आणि सुनांवर घड्याळ रोखून बोलतों. बोलण्यापूर्वीं त्या पंचासारखें क्षणभर मध्यें उभें राहून पाहावें, कीं समोरच्यास आपली तयारी करण्याची संधि आपण दिली होती काय? तो मुलगा आज कोठें असेल, ठाऊक नाहीं. भेटला, तर त्याचीं पांच मिनिटें माझ्याकडे बाकी आहेत, एवढें त्यास सांगावयाचें आहे.