सतार तशीच, सूर का वेगळा?

सतारवादक उस्ताद विलायत खाँ (१९२८–२००४) यांच्या पद्धतीची सतार आज विकत मिळते. खर्जाच्या जाड तारा नाहीत, दांडी भक्कम, जवारी (घोडीच्या माथ्याची घडण) बंद. तरीही त्यांचा सूर तिच्यातून क्वचितच उमटतो.

कारण सूर हातांत घडतो. मिजराब (बोटातली नखी) तारेवर घोडीपासून किती अंतरावर आणि किती जोराने पडते, यावर मूळ स्वरासोबत कोणते उपस्वर ठळक होतील हे ठरते. घोडीजवळ छेडले की आवाज धारदार येतो, लांब छेडले की गोलसर. पुढचे काम डाव्या हाताचे. एकाच आघातानंतर तार पडद्यावर ओढून, म्हणजे मींड घेऊन, खाँसाहेब चार-पाच स्वर गायल्यासारखे काढत. ओढ केव्हा सुरू करायची, कुठे रेंगाळायचे, ही समज गळ्यातून बोटांत उतरली होती; ते स्वतः उत्तम गात. सतारीतले बदल त्यांनी या गायकी अंगाच्या गरजेपोटीच करून घेतले. आधी सूर कानात होता, वाद्य त्याला साजेसे घडले. नक्कल करताना आपण नेमका हा क्रम उलटा लावतो.

म्हणून नवी सतार घेण्याआधी त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे, एखादी मींड गळ्याने म्हणावी आणि मग ती तारेवर शोधावी.