राक्षसाच्या डोळ्यामागचे दोन तारे

मार्गशीर्ष-पौषात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर किंवा गावाकडे अंगणात उभे राहिले, की कृत्तिकांचा झुबका जवळजवळ डोक्यावर असतो. तेथून उत्तरेकडे जरा खाली नजर उतरवली की ययाती नावाचा तारकासमूह लागतो. त्यातला एक ठळक तारा आज आम्ही आमच्या वाचकांना दाखवणार आहोत. अरबांनी त्याला राक्षसाचे डोके म्हटले आणि त्या अरबी नावावरून युरोपात तो अल्गोल झाला.

हा तारा अडीच दिवस सारखाच चमकतो. मग सुमारे पाच तासांत त्याचा उजेड घटत घटत एक-तृतीयांशावर येतो आणि तितक्याच वेळात पुन्हा पूर्ववत होतो. 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी हेच पुन्हा घडते. माणसाला कारण कळले नाही की तो राक्षस उभा करतो. ग्रहणाच्या वेळी घरातल्या गरोदर लेकी-सुनांना कोंडून ठेवणारी माणसे आपण पाहिली आहेत, तेव्हा अरबांना हसण्याचे कारण नाही!

इटलीच्या मोन्तानारी याने 1667 साली या ताऱ्याचा उजेड बदलतो हे नोंदवले होते, पण ते किती वेळाने आणि का, हे कोणी तपासले नाही. ते काम इंग्लंडमधील यॉर्क गावच्या जॉन गुडरिक नावाच्या तरुणाने केले. लहानपणीच्या आजारात त्याची ऐकण्याची शक्ती गेली होती. ज्याला ऐकू येत नाही त्याला शिकवून काय उपयोग, असे मानण्याचा तो काळ. परंतु त्याला एडिंबरो येथे बधिर मुलांसाठी काढलेल्या शाळेत घातले गेले. पुढे सर्वसाधारण मुलांच्या विद्यालयात तो गणितात पुढे आला. घरची श्रीमंती होती हे खरे. गरीबाच्या बहिऱ्या मुलाला तेव्हा ती शाळा दिसलीही नसती.

शेजारच्या एडवर्ड पिगॉट या मित्राबरोबर तो आकाश पाहू लागला. 12 नोव्हेंबर 1782 च्या रात्री अल्गोल मंद झालेला त्याला दिसला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मग रात्रीमागून रात्र दोघे मित्र हाच तारा पाहत राहिले. नुसते डोळे, घड्याळ आणि वही. मे 1783 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचे पत्र वाचले गेले. ताऱ्याभोवती फिरणारे एखादे मोठे काळोखे पिंड मध्ये येत असावे, किंवा ताऱ्याच्या अंगावर डाग असून ती बाजू फिरून आपल्याकडे येत असावी, असे दोन तर्क त्याने मांडले. त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कोपली पदक मिळाले. पुढच्या वर्षी अभिजित ताऱ्याजवळच्या स्वरमंडल समूहातला आणखी एक उजेड बदलणारा तारा त्याने शोधला. एप्रिल 1786 मध्ये सोसायटीने त्याला सभासद करून घेतले आणि काही दिवसांतच तो वारला. वय अवघे एकवीस.

त्याचा पहिला तर्क खरा ठरायला शंभर वर्षे लागली. स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी गाडी येताना बारीक आणि गेल्यावर जाड ऐकू येते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. प्रकाशाचेही तसेच. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशातल्या रेघा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. जर्मनीत पॉट्सडाम येथे फोगेल याने 1889 साली अल्गोलच्या रेघा तपासल्या, तर त्या ग्रहणाच्या वेळापत्रकाप्रमाणे मागेपुढे सरकत होत्या. म्हणजे तेथे एक नसून दोन तारे एकमेकांभोवती फिरत आहेत आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. या दोघांतले अंतर एक कोटीपेक्षाही कमी!

गंमत याच्या पुढे आहे. तारा जितका वजनदार, तितके त्याचे इंधन लवकर संपते आणि तो लवकर म्हातारा होऊन फुगतो. अल्गोलचे दोन्ही तारे एकाच वेळी जन्मलेले. त्यातला तेजस्वी तारा तीन सूर्यांपेक्षा जड असून अजून तरुण आहे, तर सूर्याहूनही हलका असलेला त्याचा जोडीदार म्हातारा होऊन फुगला आहे. हे उलटे कसे? या कोड्याची उकल 1955 च्या सुमारास पुढे आली. आज हलका असलेला तारा मुळात जड होता. तो आधी फुगला, आणि इतका फुगला की त्याच्या बाहेरचा वायू शेजाऱ्याने ओढून घेतला. एकाचे वजन दुसऱ्याच्या पदरात पडले. जवळच्या जोडताऱ्यांच्या अभ्यासात ही देवघेव आज पायाभूत मानली जाते.

काही जोड्या तर अंगाला अंग लावून फिरतात. सप्तर्षींच्या भागातली अशी एक जोडी आठ तासांत फेरी पुरी करते. अशा जोड्या शेवटी एकमेकांत मिसळतात काय? 2008 साली वृश्चिकेत एक तारा एकाएकी भडकला. पोलंडच्या शास्त्रज्ञांची दुर्बीण चिलीतून त्या भागाची छायाचित्रे आधीची काही वर्षे घेतच होती. ती काढून पाहिली तेव्हा सुमारे दीड दिवसात फेरी मारणारी एक जोडी तेथे होती आणि तिच्या फेरीचा वेळ घटत चालला होता, हे उघड झाले.

यावरून अमेरिकेतील लॅरी मोलनार यांनी 2017 साली हंस समूहातली आणखी एक जोडी 2022 च्या सुमारास भडकेल असे भाकीत केले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. 2018 मध्ये दुसऱ्या गटाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर 2003 च्या निरीक्षणाची वेळ छापताना बारा तासांची चूक झालेली आढळली. भाकिताचा आधारच गेला आणि मोलनार यांनी ते मान्य केले. पंचांगवाल्यांनी असे कधी केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

अल्गोल घरूनच पाहायचा असेल तर शेजारच्या देवयानी समूहातला, ययातीच्या बाजूचा टोकाचा तारा लक्षात ठेवावा. एरवी दोघे जवळपास सारखे दिसतात. एखाद्या रात्री अकराला अल्गोल त्याच्यापेक्षा फार फिका पडून सर्वात मंद दिसला, तर वेळ वहीत लिहावी. तीन दिवसांनी तो तितकाच मंद होईल, पण तीन तास अकरा मिनिटे आधी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास. त्या वेळी पोरेही जागी असतात.