अपडेटनंतर तुटलेले वाय-फाय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोनच्या कार्यप्रणालीचे, म्हणजे फोनमधील सर्व यंत्रणा चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे, नवे अपडेट बसवल्यानंतर वाय-फाय तुटू लागले, ब्लूटूथचा इअरफोन जोडला जाईनासा झाला किंवा मोबाइल डेटा मंदावला, की सगळा दोष अपडेटच्या माथी मारून मोकळे होण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या आणि दाट वस्तीत तिला आणखी खतपाणी मिळते, कारण सामाईक भिंतीच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या घरांचे राउटर चालत असतात आणि एका घरातील फोनला झालेला त्रास शेजारच्या फोनलाही झाला, की दोहोंचे कारण एकच असणार असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कोणतीही बिनतारी जोडणी दोन पक्षांच्या संमतीवर उभी असते. एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला राउटर, मोबाइल मनोरा किंवा इअरफोन असतो, आणि अपडेट त्यांपैकी केवळ एका पक्षाचे नियम बदलते. एवढी गोष्ट ध्यानात घेतली तरी बहुतेक गैरसमजांचे मूळ हाती लागते.

अपडेट कधीच दोषी नसते, असे मात्र नव्हे. ॲपलने 24 सप्टेंबर 2014 रोजी प्रसृत केलेल्या आयओएस 8.0.1 या आवृत्तीमुळे आयफोन 6 आणि 6 प्लस या फोनांची मोबाइल सेवाच बंद पडली, कंपनीला ती आवृत्ती सुमारे तासाभरात मागे घ्यावी लागली आणि दुसऱ्याच दिवशी 8.0.2 ही दुरुस्त आवृत्ती द्यावी लागली. परंतु अशा चुका एका विशिष्ट मॉडेलच्या असंख्य फोनांत एकाच वेळी दिसतात आणि कंपनीला त्या लपवता येत नाहीत. एकाच घरात, एकाच राउटरवर आणि एकाच फोनला त्रास होत असेल, तर कारण बहुधा निराळे असते. अपडेट बसवताना फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, जुन्या जोडण्या नव्याने जुळवाव्या लागतात आणि महिनोन्महिने न बंद केलेल्या राउटरमधील दुखणी त्याच क्षणी उघडी पडतात. काळाच्या ओघात एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही. तो आहे की नाही हे ठरवण्यास दोन साध्या चाचण्या पुरतात : तोच फोन दुसऱ्या एखाद्या नेटवर्कला, उदाहरणार्थ घरातील दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला, जोडून पाहावा आणि दुसरा फोन त्याच राउटरला जोडून पाहावा. पहिल्या चाचणीत फोन नीट चालला तर दोष केवळ फोनचा नाही, आणि दुसऱ्या चाचणीत दुसरा फोनही अडखळला तर राउटरकडे वळावे.

सर्वांत व्यापक गैरसमज असा, की पडद्यावर वाय-फायचे पंखाकृती चिन्ह दिसले म्हणजे इंटरनेट मिळाले. प्रत्यक्षात जोडणी चार पायऱ्यांनी पूर्ण होते. प्रथम फोन आणि राउटर यांचा रेडिओ संपर्क जुळतो. मग पासवर्डची पडताळणी होते. त्यानंतर राउटर फोनला आयपी पत्ता, म्हणजे त्या नेटवर्कमधील तात्पुरता क्रमांक, देतो. आणि शेवटी संकेतस्थळांच्या नावांचे अशाच क्रमांकांत रूपांतर करणारी डीएनएस नावाची सेवा कामाला लागते. वाय-फाय जोडलेले दिसत असूनही आयफोनच्या माहितीच्या पानावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर गाडी तिसऱ्या पायरीवर अडली आहे, म्हणजे राउटरने क्रमांक दिलेलाच नाही, हे ओळखता येते. अशा वेळी पासवर्ड पुनःपुन्हा टाकण्यात काहीच अर्थ नसतो, राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे अधिक उपयोगी पडते. पत्ता योग्य असून पाने उघडत नसतील, तर चौथ्या पायरीकडे, म्हणजे फोनमधील प्रायव्हेट डीएनएस, व्हीपीएन किंवा जाहिराती रोखणारे ॲप यांकडे पाहावे, कारण नव्या कार्यप्रणालीशी त्यांचे जुळेलच अशी खात्री नसते. फोनचे घड्याळ चुकले असेल तरीही सुरक्षित पाने उघडत नाहीत, कारण त्या पानांची डिजिटल प्रमाणपत्रे तारखेवरून तपासली जातात.

इंटरनेट खरोखर पोहोचले की नाही हे फोन स्वतः कसे ठरवतो, ते पाहण्याजोगे आहे. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्याला हाक देतो आणि त्याला 204 या सांकेतिक आकड्याचे रिकामे उत्तर अपेक्षित असते. ते न मिळता एखादे पान समोर आले, तर हे नेटवर्क आधी नोंदणी मागत आहे असा निष्कर्ष काढून फोन ते पान उघडून दाखवतो. रायपूर रेल्वे स्थानकावरील वाय-फाय याच पद्धतीचे आहे. गूगल आणि रेलटेल यांनी जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केलेली सेवा एप्रिल 2016 मध्ये ज्या नऊ स्थानकांवर पोहोचली त्यांत पुण्याबरोबर रायपूरही होते, आणि तेथे मोबाइल क्रमांक देऊन सांकेतिक अंक टाकल्याखेरीज पुढचा मार्ग खुला होत नाही. ही तपासणीच बिघडली तर काय घडते, याचा दाखला सप्टेंबर 2012 मधला आहे. आयओएस 6 प्रसृत झाली त्या दिवशी फोन ज्या पानाला हाक देत असत, ते ॲपलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील पान जागेवर नव्हते; परिणामी घरोघरचे धडधाकट वाय-फाय नोंदणी मागणारे आहे असे फोनला वाटू लागले, आणि ते पान पूर्ववत होताच फोनला हात न लावता अडचण दूर झाली. लोकांनी त्या दिवशी राउटरचे पासवर्ड बदलले असतील, सेटिंग्ज पुसल्या असतील. दोष मात्र फोनचाही नव्हता आणि राउटरचाही नव्हता.

पासवर्ड बरोबर असूनही राउटर फोनला नाकारतो, तेव्हा ‘अपडेटने पासवर्ड बिघडवला’ असे म्हटले जाते. याचे खरे कारण अनेकदा मॅक पत्त्यात दडलेले असते. मॅक पत्ता म्हणजे वाय-फायच्या चिपला कारखान्यात मिळालेली बारा चिन्हांची कायमची ओळख होय. दुकाने आणि जाहिरातदार तिच्या आधारे माणसांचा माग काढू लागल्यामुळे 2019 मधील अँड्रॉइड 10 पासून आणि सप्टेंबर 2020 मधील आयओएस 14 पासून फोन खऱ्या पत्त्याऐवजी प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, कृत्रिम पत्ता दाखवू लागले. ज्या कचेरीत, वसतिगृहात किंवा घरात राउटरला केवळ नोंदवलेल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश देण्याची सूचना दिलेली असते, किंवा मुलांच्या फोनवरील वेळेचे बंधन मॅक पत्त्यावरून लावलेले असते, तेथे जुनाच फोन राउटरच्या दृष्टीने अनोळखी पाहुणा ठरतो. कृत्रिम पत्ता डोळ्यांनीही ओळखता येतो : त्याचे दुसरे चिन्ह 2, 6, ए किंवा ई यांपैकी एक असते. विश्वासाच्या घरगुती नेटवर्कपुरता हा पर्याय बंद करता येतो, किंवा राउटरच्या यादीत नवा पत्ता नोंदवता येतो. स्थानक, उपाहारगृह अशा सार्वजनिक ठिकाणी मात्र तो चालू ठेवण्यातच ग्राहकाचे हित आहे. येथे अपडेटने काही बिघडवलेले नसते, ग्राहकाच्या खासगीपणाचे रक्षण केलेले असते, आणि जुन्या पद्धतीच्या राउटरला ते झेपलेले नसते.

महाविद्यालये आणि मोठ्या संस्थांच्या नेटवर्कबाबत असाच प्रकार डिसेंबर 2020 मध्ये घडला. अशा नेटवर्कमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड असतो आणि समोरचा सर्व्हर खरा आहे हे फोनने प्रमाणपत्रावरून तपासायचे असते. पण तपासणी टाळण्याचा पर्याय उपलब्ध असल्याने अनेकांनी वर्षानुवर्षे तोच निवडला होता. अँड्रॉइड 11 च्या त्या महिन्याच्या अपडेटने गूगलच्या पिक्सेल फोनांतून तो पर्याय काढून टाकला, आणि संस्थेने प्रमाणपत्राची व्यवस्था केलेली नसेल तेथे नव्याने जोडणी करणाऱ्यांची अडचण झाली. आयफोनवर राउटरच्या नावाखाली दिसणारी कमकुवत सुरक्षेची सूचनाही अशीच बिघाड समजली जाते. वास्तविक राउटर जुन्या, फोडता येण्याजोग्या सांकेतिकीकरणावर चालत असल्याची ती जाणीव असते आणि राउटरमध्ये डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ही पद्धत निवडताच ती नाहीशी होते.

‘फाइव्ह जी’ या दोन शब्दांनी घातलेला गोंधळ वेगळाच आहे. राउटर आपल्या दोन पट्ट्यांपैकी एकीच्या नावापुढे 5जी असे लिहितो, ते 5 गिगाहर्ट्झ या वारंवारतेसाठी. ऑक्टोबर 2022 पासून भारतात सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेशी त्याचा संबंध नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींतून तुलनेने दूर जातात, परंतु त्या पट्टीत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, म्हणजे 1, 6 आणि 11, धरल्या जातात, आणि दाट वस्तीत डझनभर राउटर त्या तिघींवरच दाटीवाटीने बोलत असतात. 5 गिगाहर्ट्झची पट्टी प्रशस्त आहे, 2018 मध्ये भारत सरकारने तिचा मोठा भाग परवानामुक्त केला, पण तिच्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. अपडेटनंतर फोन दोन पट्ट्यांमधून निवड करण्याचे निकष बदलू शकतो, त्यामुळे काल आतल्या खोलीत 2.4 वर शांतपणे चालणारा फोन आज 5 च्या क्षीण संकेताला चिकटून राहतो आणि घरातील माणसे वाय-फाय बिघडले असे म्हणतात. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन पाहिल्यास हा उलगडा होतो. मोबाइल सेवेच्या बाबतीत तर अपडेटने गमावण्याऐवजी मिळवून दिल्याचे उदाहरण ठळक आहे : भारतात 5जी सुरू झाल्यानंतरही आयफोनना ती सर्वसाधारणपणे डिसेंबर 2022 मधील आयओएस 16.2 बसवल्यावरच मिळाली.

उपायांविषयीच्या गैरसमजांत सर्वांत महागडा गैरसमज फॅक्टरी रीसेटचा आहे. फोन पूर्ण पुसला की तो अपडेटपूर्वीच्या स्थितीत जातो, अशी समजूत दुकानांतही ऐकू येते. फॅक्टरी रीसेटने वापरणाऱ्याची छायाचित्रे, ॲप आणि सेटिंग्ज पुसल्या जातात, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती मात्र जागेवरच राहते. म्हणजे जिच्यावर संशय आहे ती गोष्ट शाबूत राहते आणि जिच्यावर संशय नाही ती नष्ट होते. त्याआधी पुष्कळ काही करता येते. विमान मोड काही क्षण चालू करून बंद करावा, फोन आणि राउटर दोन्ही पुन्हा सुरू करावेत, ते नेटवर्क फोनला विसरायला लावून पासवर्ड नव्याने द्यावा, आणि तरीही जमले नाही तर केवळ नेटवर्क सेटिंग्ज रीसेट कराव्यात. या शेवटच्या उपायाने छायाचित्रांना धक्का लागत नाही, परंतु साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, आणि ई-सिम पुसण्याचा पर्याय तेथे दिसल्यास तो निवडू नये. नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करण्याची परिणामकारकता जून 2021 मध्ये दिसली होती : टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेल्या विचित्र नावाच्या नेटवर्कला जोडल्यावर आयफोनचे वाय-फायच बंद पडत असे, आणि पुढे आयओएस 14.7 मध्ये दुरुस्ती येईपर्यंत नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करणे हाच सर्वसामान्य उपाय होता. ब्लूटूथच्या बाबतीत जोडी दोन्ही बाजूंनी पुसावी लागते, केवळ फोनवरून पुसून इअरफोनच्या स्मरणातील जुनी किल्ली तशीच ठेवली तर दोघांचे पुन्हा जमत नाही.

राहता राहिला अपडेटच न करण्याचा सल्ला, जो अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या फोनला आग्रहाने लागू केला जातो. ऑक्टोबर 2017 मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे संशोधक मॅथी वानहूफ यांनी क्रॅक या नावाने ओळखला जाणारा दोष उघड केला. डब्ल्यूपीए2 वर चालणाऱ्या वाय-फायची देवाणघेवाण जवळपास असलेल्या हल्लेखोराला वाचता येऊ शकते हे त्यातून सिद्ध झाले, आणि तो दोष पासवर्ड बदलून नव्हे, तर मुख्यतः फोन व संगणकांचे अपडेट बसवूनच बुजवता आला. ज्या फोनवर निवृत्तिवेतनाचे आणि बँकेचे व्यवहार होतात, तो जुन्या आवृत्तीवर गोठवून ठेवणे ही सुरक्षितता नव्हे. अपडेट राउटरलाही लागते. सेवा देणाऱ्याने बसवून दिलेल्या राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतील सॉफ्टवेअर, कित्येक घरांत बसवल्या दिवसापासून बदललेले नसते, आणि फोनचे नवे नियम ज्या जुन्या नियमांशी भांडतात ते तेथेच असतात. म्हणून तक्रार नोंदवताना ‘अपडेटनंतर चालत नाही’ एवढेच न सांगता फोनचे मॉडेल, कार्यप्रणालीची आवृत्ती, राउटरचे मॉडेल व फर्मवेअर, दुसऱ्या नेटवर्कवर फोन चालतो की नाही, आणि जोडणी चारपैकी कोणत्या पायरीवर थांबते, ही माहिती द्यावी. ती असेल तर सेवा केंद्रातील तंत्रज्ञाला पूर्ण फोन पुसण्याचा सल्ला देण्यापूर्वी नेमके कोठे पाहायचे हे कळते.