निपाणीच्या मैदानापासून आशियाच्या मैदानापर्यंत: सतरा वर्षांखालील भारतीय फुटबॉल संघाचे निकाल कसे वाचावेत

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बातमी आली: थिंफूला बांगलादेशला २-० हरवून भारताची सतरा वर्षांखालची मुलं दक्षिण आशियाची विजेती. महिनाही झाला नाही तोच दुसरी बातमी आली. थायलंडमध्ये यजमानांकडून २-३ अशी हार आणि आशियाई स्पर्धा हुकली. चॅम्पियन झालेला संघ महिन्याभरात बाहेर कसा पडतो, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर तो रास्त आहे.

त्याचं उत्तर असं की या दोन निकालांच्या पायऱ्या वेगवेगळ्या होत्या. या संघाची कामगिरी पायरी ओळखूनच वाचावी लागते. शिवाय आपल्या सीमाभागातल्या मुलाला त्या वाटेला लागायचं असेल, तर सुरुवातीच्या पायऱ्यांवर कागदपत्रांचे काही घोळ ठरलेले असतात. म्हणून आपण अगदी खालून, जन्मतारखेपासून सुरुवात करू.

पायरी पहिली: वयाचं गणित

‘सतरा वर्षांखालील’ म्हणजे सामन्याच्या दिवशी सतरा पूर्ण नसलेला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. हिशेब सालावर चालतो. मुख्य स्पर्धा ज्या साली आहे, त्यातून १७ वजा करा. जे साल येईल, त्याच्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेली मुलं चालतात. २०१७ च्या विश्वचषकाला १ जानेवारी २००० ही तारीख होती. २०२६ साठी ती १ जानेवारी २००९ आहे.

यात एक खाचखळगा आहे. पात्रता फेरी बहुधा आदल्या वर्षी होते, पण वय मात्र मुख्य स्पर्धेच्या सालानं मोजतात. त्यामुळे निवड होते तेव्हा मुलगा पंधरा-सोळाचाच असतो. ‘अजून सतरा कुठं झालीत, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या घरात ती संधी निघून गेलेली असते.

दुसरी गोष्ट, जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. त्या वयात अकरा महिन्यांनी उंचीत आणि ताकदीत मोठा फरक पडतो. डिसेंबरचं पोर चाचणीत मागं पडलं, तर खेळ कमी पडला की वाढ, हे विचारल्याशिवाय त्याचे बूट माळ्यावर टाकू नयेत.

पायरी दुसरी: शाळा

निपाणी किंवा बेळगावचं मूल स्पर्धात्मक फुटबॉल पहिल्यांदा शाळेतूनच खेळतं. कर्नाटकात शालेय सामने तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा क्रमानं होतात. इथंच पहिली गल्लत होते. बेळगाव जिल्हा प्रशासनाला एक असला, तरी शिक्षण खात्याच्या लेखी त्याचे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत: बेळगाव आणि चिकोडी. निपाणीची शाळा चिकोडीत मोडते, खानापूरची बेळगावात. चुकीच्या ठिकाणच्या तारखा धरून बसलात तर निवड होऊन गेल्यावर कळतं.

परिपत्रक कन्नडमध्ये येतं. मराठी शाळेत ते सूचनाफलकावर लागतं आणि तिथंच राहतं, असंही होतं. म्हणून जून उजाडला की पी.टी.च्या सरांना गाठून तारखा स्वतः लिहून घ्याव्यात.

शालेय स्पर्धाही दोन तऱ्हेच्या आहेत. सुब्रतो चषक ही हवाई दलाच्या पुढाकारानं १९६० पासून चालणारी आंतरशालेय स्पर्धा आहे. तिच्यात जिंकलेली शाळा स्वतःच पुढं जाते. शालेय क्रीडा महासंघाच्या स्पर्धेत मात्र राज्याचा निवडलेला संघ जातो. आपली शाळा हरली तरी आपला मुलगा निवडला जाऊ शकतो, तो या दुसऱ्या स्पर्धेत.

बेळगावात सेंट पॉल्सच्या मैदानावर होणाऱ्या फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धेसारख्या स्पर्धांतून मुलांना चांगली लढत मिळते. पण ती राष्ट्रीय निवडीची अधिकृत पायरी नाही. सरावासाठी खेळावं, निवडीसाठी अधिकृत वाट सोडू नये.

पायरी तिसरी: राज्य कुठलं?

निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींचे शाहू स्टेडियमवरचे सामने आपल्याकडची मंडळी हौसेनं बघायला जातात. गडहिंग्लजची दिवाळीतली स्पर्धाही अनेकांच्या ओळखीची. इतकं सगळं महाराष्ट्राकडं ओढत असलं, तरी संघटनेच्या नकाशावर निपाणी आणि बेळगाव कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेखाली येतात. तिचं ठाणं बेंगळुरूत. कोल्हापूरची क्रीडा संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली, म्हणजे महाराष्ट्रात.

शालेय सामन्यांत नियम सोपा आहे: शाळा ज्या राज्यात, मूल त्या राज्याचं. घर निपाणीत आणि शाळा कागलला असेल, तर ते महाराष्ट्राकडून खेळणार. क्लबच्या फुटबॉलमध्ये नोंदणी पाहतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडूंची संगणकीय नोंदवही आहे. तिच्यात एका वेळी एकाच क्लबकडं नाव असतं. क्लब किंवा राज्य बदलायचं तर रीतसर बदली घ्यावी लागते.

चूक होते ती अशी. मे महिन्यात कोल्हापूरच्या एखाद्या क्लबनं ‘फॉर्म भरून ठेव’ म्हटलं, मुलानं भरला. ऑगस्टमध्ये बेळगावच्या संघात नाव आलं आणि नोंदणी अडकली. तेव्हा सही करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हा अर्ज स्थानिक स्पर्धेपुरता आहे की महासंघाच्या नोंदणीचा?

याच टापूतून वर गेलेलं एक नाव म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. क्रीडा प्रबोधिनी महाराष्ट्र सरकारची. त्यामुळे कर्नाटकात शाळा असलेल्या पालकांनी प्रवेशाच्या आणि रहिवासाच्या अटी आधीच नीट विचारून घ्याव्यात.

पायरी चौथी: कागद आणि मनगट

जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव आणि तारीख सारखी हवी. आपल्याकडं कर्नाटकातल्या जन्मदाखल्यावर नाव कन्नड आणि इंग्रजीत, शाळेत मराठीत, आधारवर तिसऱ्याच पद्धतीनं. एकीकडं वडिलांचं नाव मधे, दुसरीकडं नुसतं आद्याक्षर. रोजच्या व्यवहारात हे खपून जातं, पासपोर्ट काढताना खपत नाही. आणि परदेशातल्या स्पर्धेला पासपोर्टशिवाय गत्यंतर नाही.

जन्मानंतर अनेक वर्षांनी काढलेल्या दाखल्याकडं संशयानं पाहतात. शाळेत घालताना तारीख मागंपुढं केली असेल, तर तीही इथं उघडी पडते.

कागदाच्या पलीकडं हाडाची तपासणी असते. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं येणाऱ्या हाडाच्या मनगटाकडच्या टोकाला वाढीची पट्टी असते. वाढ पूर्ण झाली की ती हाडात मिसळून जाते. फिफानं २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचं एमआरआय चित्र घेऊन ही पट्टी पाहायला सुरुवात केली. ती पूर्ण मिसळलेली दिसली, तर मुलगा सतराच्या पुढचा समजतात. वय दोन वर्षांनी कमी दाखवून आत घुसवलेलं पोर इथं बाहेर पडतं, आणि त्याच्या जागी बसू शकला असता तो खरा पंधरा वर्षांचा मुलगा तोवर घरी गेलेला असतो.

पायरी पाचवी: राष्ट्रीय शिबिर

राष्ट्रीय स्पर्धा, वयोगटांच्या लीग आणि क्लबांच्या अकादम्या इथं निवडकर्ते खेळाडू हेरतात आणि शिबिराला बोलावतात. शिबिरात आलेल्या प्रत्येकाला संघात जागा मिळत नाही. टप्प्याटप्प्यानं नावं कमी होत जातात. पहिल्या शिबिराला बोलावणं आलं की गावात फ्लेक्स लावायची घाई होते. ते पुढं ढकलावं, मुलावरचं ओझं तेवढं कमी.

पायरी सहावी: दक्षिण आशिया

इथून संघाची कामगिरी सुरू होते. पहिली स्पर्धा ‘सॅफ’ची, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची. प्रतिस्पर्धी नेपाळ, बांगलादेश, भूतान, श्रीलंका, मालदीव यांच्यासारखे शेजारी. पंधरा, सोळा, सतरा अशी वयोमर्यादा बदलत आलेल्या या मुलांच्या स्पर्धेत भारतानं २०१३, २०१७, २०१९, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं. म्हणजे इथं भारत जिंकणं ही अपेक्षाच असते. आणि इथल्या विजयानं विश्वचषकाचं दार उघडत नाही.

पायरी सातवी: आशियाची पात्रता फेरी

खरी चाळणी इथं लागते. संघांचे गट पाडतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गटात पहिला येणारा पुढं जातो. दुसऱ्या क्रमांकाला संधी असते ती काही वर्षी, आणि तीही मोजक्यांना.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं ब्रुनेईला १३-० हरवलं, तुर्कमेनिस्तानला १-० हरवलं, आणि थायलंडकडून २-३ हरला. तेरा गोल वाया कसे गेले, असं वाटेल. पण गटातली पहिली जागा थायलंडविरुद्धच्या सामन्यातच ठरणार होती. शिवाय वेगवेगळ्या गटांतले दुसरे संघ तोलताना, गट लहानमोठे असतील तर तळाच्या संघाविरुद्धचा निकाल वगळण्याची पद्धत आहे. म्हणून दुबळ्या संघावरच्या मोठ्या विजयाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०२५ ला, अहमदाबादेत भारतानं इराणला २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. आकडा लहान, पण तेरा गोलांपेक्षा त्याचं मोल जास्त. प्रशिक्षक होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस.

पायरी आठवी: आशियाई स्पर्धा

इथं १६ संघ, चार गट, आणि प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत. पूर्वी विश्वचषकाला जायचं तर उपांत्य फेरी गाठावी लागे. २०२५ पासून विश्वचषकात २४ ऐवजी ४८ संघ झाले आणि आता उपांत्यपूर्व फेरी गाठली तरी तिकीट मिळतं.

हा बदल लक्षात ठेवून २०१८ कडं पाहावं. मलेशियात बिबियानो यांच्याच संघानं व्हिएतनामला १-० हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० बरोबरी केली. गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-१ हरले आणि विश्वचषक एका सामन्यानं हुकला. आजच्या नियमानं तो संघ थेट विश्वचषकात गेला असता. ‘उपांत्यपूर्व फेरीत पराभूत’ या कोरड्या नोंदीत हे दिसत नाही.

२०२३ मध्ये थायलंडमधल्या स्पर्धेत भारताचे व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१ आणि जपानकडून ४-८ असे निकाल लागले. जपानला चार गोल मारले ही कौतुकाची गोष्ट, आठ खाल्ले ही काळजीची. दोन्ही एकाच ओळीत वाचावीत.

पायरी नववी: विश्वचषक

मुलांच्या विश्वचषकात भारत खेळला तो २०१७ मध्ये, यजमान म्हणून. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४.

यातला कोलंबियाचा सामना जरा जवळून पाहू. ८२व्या मिनिटाला बेंगळुरूच्या संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला आणि मणिपूरच्या जॅकसन सिंगनं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. स्टेडियम उसळलं, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला. या पातळीवर गोल करण्याइतकंच गोलनंतर भानावर राहणं अवघड असतं.

मुलींचा विश्वचषक २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. यजमान भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ हरला. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला २-१ हरवून मुलींनी आशियाई स्पर्धेत स्वबळावर जागा मिळवली. यजमानपदानं मिळालेली जागा आणि खेळून मिळवलेली जागा वेगळ्या रकान्यांत मांडाव्यात.

निकाल वाचताना

पुढच्या वेळी बातमी दिसली की तीन गोष्टी पाहाव्यात. पायरी कुठली: सॅफ, पात्रता, आशियाई की विश्वचषक? समोर कोण होतं? आणि मुलं कुठल्या सालची?

तिसरी गोष्ट सहसा सुटते. हा संघ एसएसएलसीच्या बॅचसारखा असतो: दर खेपेला मुलं नवी. २०१८ च्या संघाचं यश २०२३ च्या मुलांच्या खात्यावर नसतं. २०१७ चे तिन्ही सामने हरलेल्या संघातूनच जॅकसन, सुरेश वांगजम आणि अन्वर अली पुढं वरिष्ठ भारतीय संघात खेळले. त्यामुळे युवा संघाचा हिशेब गुणतक्त्यात अर्धाच लागतो. उरलेला कळायला पाच-सहा वर्षं जावी लागतात.

घरात खेळणारं मूल असेल, तर आज दोन कामं करून टाकावीत. जन्मसालात १७ मिळवून त्याची स्पर्धा कुठल्या साली आहे ते काढावं. आणि तिन्ही दाखले शेजारी ठेवून नाव व तारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी. चूक निघालीच, तर ती दुरुस्त करायला हाताशी वेळ असतो. शिबिराचं बोलावणं आल्यावर तो राहत नाही.